सगळे उतरेपर्यंत

"हा प्रोग्रॅम इथं नुसता उभा का राहतो?" चटपटनं भिंतीवरच्या पडद्यावर माझ्या ओळीवर लाल ठिपका नाचवत विचारलं, आणि सगळे हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही. मीटिंगमध्ये माणसं हसतात ती साहेब हसला म्हणून, हे मला ठाऊक आहे, मीही वर्षानुवर्षं तशीच हसत आले आहे. पण आज त्या हसण्यानं माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि तिथंच मुक्कामाला राहिली. ओळ माझी होती. एकच ओळ. तिचा अर्थ एवढाच, की पाठवलेल्या सगळ्या मेसेजांची उत्तरं आल्याशिवाय पुढं जायचं नाही, इथंच थांबायचं. आम्ही वीज कंपनीसाठी प्रोग्रॅम लिहितो. एखाद्या लाइनवर दुरुस्ती निघाली की तिथली वीज बंद करतात, लाइनमन खांबांवर चढतात, आणि कामाची वेळ संपत आली की माझा प्रोग्रॅम त्या लाइनवरच्या प्रत्येकाला फोनवर विचारतो: उतरलात का? त्यानं 'उतरलो' हे बटण दाबायचं. सगळ्यांचं आलं की कंट्रोलरूमच्या पडद्यावर ती लाइन हिरवी होते आणि तिथली बाई वीज सोडते. आता मेसेज पाठवायला कितीसा वेळ लागतो? पाठवले की प्रोग्रॅमच्या मते त्याचं काम झालं, उत्तराशी त्याला काय देणंघेणं? त्याला कुणी कॉलर धरून थांबवलं नाही, तर माणसं वर असतानाच तो हिरवा दिवा लावून मोकळा होईल. म्हणून ती ओळ. म्हणून तो उभा राहतो. हे सगळं मी सांगणार होते, तोंड उघडलंही होतं, पण चटपट तोवर पुढच्या चित्रावर गेला होता.

चटपट हे नाव मी ठेवलं आहे, मनातल्या मनात. त्याचं प्रत्येक वाक्य "चटपट करून टाकू" यावर संपतं. वयानं माझ्याहून पुष्कळ लहान, कपडे कडक, बोलणं गोड, मला मॅडम म्हणतो, माझ्यासाठी दार धरतो. राग यावा असं त्याच्यात वरून काही नाही आणि म्हणूनच त्याचा राग धरणं फार अवघड जातं, पकडायला कुठं मूठच नाही. आमच्या टीमचा तो नवा प्रमुख, आणि उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तसा आल्या दिवसापासून काहीतरी बदलायला टपलेला. पुढच्या चित्रात कालची दुपार होती. गोदामामागच्या लाइनवर चार माणसांचं 'उतरलो' आलं, पाचव्याचं येईना, आणि प्रोग्रॅम थांबून राहिला. अर्धा विभाग दुपारभर विजेविना. तक्रारी वर गेल्या, अगदी वरपर्यंत, आणि वरून खाली येताना त्या नेहमीप्रमाणे मोठ्या होत होत आल्या. "एक माणूस झाडाखाली झोपला असेल," चटपट म्हणाला, "त्याच्यापायी हजारो घरं." पुन्हा हसले सगळे. मग त्यानं तोडगा सांगितला. थोडा वेळ थांबायचं, तोवर उत्तर आलं नाही तर उतरला असं धरायचं आणि पुढं जायचं. कोपऱ्यातला टेस्टिंगवाला पुटपुटला, "धरायचं म्हणजे?" चटपट माझ्याकडं बघून गोड हसला. "मौन म्हणजे संमती. काय मॅडम, म्हणतात ना आपल्याकडे?"

म्हणतात. चांगलंच म्हणतात. माझ्या घरात तर हे वाक्य माझ्या लग्नाच्या फोटोखाली लिहून लावायला हरकत नाही. मामाची आवडती गोष्ट आहे ती. चार माणसं जमली की तो गुडघ्यावर थाप मारतो आणि सुरू होतो: आमच्या हिला विचारलं, मुलगा कसा वाटला, तर ही गप्प. दुसऱ्या दिवशी विचारलं, गप्प. मी ताईला म्हटलं, अगं, नको असता तर हिनं घर डोक्यावर घेतलं असतं, गप्प बसली म्हणजे पसंत आहे! मग सगळे खो खो हसतात, आई पदरानं डोळे पुसते, नवरा माझ्याकडं बघून भुवया उडवतो, आणि मी ट्रे उचलून आत जाते. सतरा वर्षं मी तो ट्रे उचलते आहे. सतरा वर्षं मला वाटतं, की आज मी त्या गोष्टीच्या मध्येच उभी राहीन आणि म्हणेन, मामा, मी गप्प होते कारण मला माहीत नव्हतं. माहीत नसणं हेही एक उत्तर असतं, त्याला वेळ लागतो, तुम्ही कुणी तो दिला नाहीत. पण मामा म्हातारा झालाय, त्याला आता ऐकूही कमी येतं, आणि अशा माणसावर ओरडायचं म्हणजे आपणच कैदाशीण ठरायचं. नवरा वाईट नाही, हे मी लगेच सांगते, कारण नाहीतर ऐकणाऱ्याचं लक्ष तिकडंच जातं. तो भांडी घासतो, मला आवडते त्या बाजूला मला झोपू देतो. फक्त माझी वाक्यं तो पुरी करतो. मी "मला वाटतं, आपण" म्हणेपर्यंत तो "पडदे बदलूया" म्हणतो, आणि बहुतेक वेळा ते बरोबर असतं, याचाच मला जास्त संताप येतो.

आमच्याकडं बदल करायची एक रीत आहे. ज्याची ओळ बदलायची, त्याला ती दाखवतात. त्यानं त्या दिवशी पाच वाजेपर्यंत हरकत नोंदवली तर बदल थांबतो, वर चर्चा होते. नोंदवली नाही तर मान्य धरतात. म्हणजे बघा. ही रीत कुणी काढली मला माहीत नाही, पण ज्यानं काढली तो नक्की आमच्या मामाच्या ओळखीचा असणार. मीटिंगहून परतले तर पडद्यावर चौकट येऊन बसली होती: माझी ओळ लाल रंगात खोडलेली, खाली त्याची हिरवी, आणि त्याखाली 'हरकत' नावाचं एकच बटण. 'मान्य' असं बटणच नाही. त्याची गरज काय? मी खुर्चीत इतक्या जोरानं बसले की ती मागं घसरली. वयाच्या चाळिशीत एका ओळीसाठी एवढं चिडावं याची मला लाजही वाटली, आणि लाजेनं राग आणखी चढला. तेवढ्यात फोन गुरगुरला. नवरा. सकाळी त्यानं विचारलं होतं, शनिवारी काकांकडं जेवायला जायचं का, आणि माझं उत्तर द्यायचं राहिलं होतं. आता लिहिलं होतं: काही बोलली नाहीस म्हणजे हो धरतो, कळवतो त्यांना. पुढं हसरा चेहरा. मी दोन्ही अंगठ्यांनी लिहिलं, धरू नकोस. त्याचं लगेच आलं, काय झालं? मी फोन पालथा टाकला. काय झालं म्हणे. कपाळ माझं.

हरकत लिहायची म्हणजे कारण द्यावं लागतं. मी लिहिलं, माणूस मरू शकतो. पुसलं. असं लिहिलं की वाचणारे म्हणतात, मॅडम जरा भावनिक आहेत. लिहिलं, उत्तर न येणं याचा अर्थ अनिश्चित असतो. हेही पुसलं, हे वाचून कुणाच्याही कपाळाला आठी पडणार नव्हती. तेवढ्यात चटपट स्वतः आला, हातात दोन कप, एक माझ्यापुढं ठेवला, शेजारची खुर्ची ओढून उलटी करून बसला. "मॅडम, रागावलात?" मी म्हटलं, "नाही." हे बघा. रागानं कानशिलं तापली होती आणि तोंडातून निघालं काय, तर नाही. तो आवाज खाली आणून म्हणाला, "मलाही पटतंय असं नाही. पण वरून दट्ट्या आहे. आणि पुढच्या तिमाहीत टीममधली माणसं कमी करायचीत, तुम्हाला ठाऊकच आहे. यादी मलाच द्यायचीय. मला तुमचं नाव कुठंही नकोय, खरंच सांगतो. तुम्ही हो म्हणू नका. नाहीही म्हणू नका. नुसत्या बसा. पाच वाजतील." इतक्या प्रेमानं म्हणाला, की मला त्याच्या अंगावर तो चहा ओतावासा वाटला. "तुमच्या नावावर काही येणार नाही," तो उठताना म्हणाला, "तुम्ही काही बोललातच नाही, म्हटल्यावर प्रश्नच मिटला." आणि मी काही बोललेच नाही. चहा घेतला. चांगला होता. मला साखर किती लागते हे त्याला माहीत होतं, याचाही राग आला.

मी चहा पीत खोडलेल्या ओळीकडं बघत बसले. ही ओळ सहा वर्षांपूर्वी लिहिली तेव्हा मी या टेबलावर नवी होते. त्याआधी प्रत्येक टोळीबरोबर एक मुकादम असायचा म्हणे. काम संपलं की तो खाली उभा राहून डोकी मोजायचा आणि कंट्रोलरूमला फोन करून सांगायचा, सगळे खाली आलेत, सोडा. कंपनीला ते महाग पडत होतं, जुनाट वाटत होतं, मग प्रत्येकाच्या खिशात फोन आला, माझा प्रोग्रॅम आला आणि मुकादम गेले. कुठं गेले मी विचारलं नाही. आम्ही केक कापला होता, त्यावर क्रीमनं विजेचा खांब काढला होता. तेव्हाही मला अभिमान होता तो त्या ओळीचा, बाकी सगळा प्रोग्रॅम कुणीही लिहिला असता. मी ती परत परत वाचायचे. सगळ्यांची उत्तरं येईपर्यंत थांब. एकाचं राहिलं तरी थांब. तो कुठला कोण, त्याचं वय काय, कामाला बरा की आळशी, काही विचारू नकोस, त्यानं स्वतः सांगेपर्यंत पाऊल टाकू नकोस. असं कुणीतरी कुणासाठी थांबतं आहे ही गोष्टच मला तेव्हा इतकी आवडली होती, की पहिल्या दिवशी कंट्रोलरूममध्ये उभी राहून शेवटचा ठिपका हिरवा होईपर्यंत बघताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. बरोबरच्याला सांगितलं, लेन्स टोचतेय. लेन्स मी कधीच लावत नाही.

आणि मग एकदम माझ्या लक्षात आलं, की सकाळपासून कुणीही कालच्या माणसाला विचारलेलं नाही. तक्रार झाली, मीटिंग झाली, चित्रं झाली, झाडाखाली झोपलाय यावर हसून झालं, पण ते झाड म्हणजे कुठलं, तो खरंच झोपला होता का, हे त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. मीही नाही. मी आपली माझ्या ओळीच्या अब्रूची काळजी करत बसलेली. नंबर तर समोरच होता, मीच साठवलेला. मी जिन्यात गेले, दार लोटलं आणि फोन लावला. मनातून मला ठाऊक होतं तो काय म्हणणार ते. तो म्हणणार, ताई, मी वरच होतो, तुमच्या प्रोग्रॅमनं वाचलो. मग मी ते शब्दांत लिहीन, हरकत म्हणून खाली चिकटवीन, आणि चटपटच्या नाकाला अशा मिरच्या झोंबतील की बस्स. जिन्यात उभी राहून मी ते वाक्य मनात तयारसुद्धा केलं.

"कोण?" तिकडून आवाज आला, खरबरीत, झोपेतला. मी कोण ते सांगितलं. काल गोदामामागं तुम्ही उतरलो असं दाबलं नाहीत, त्याबद्दल विचारायचंय. "आलात का तुम्ही पण?" तो उसळला. "सकाळपासून आमच्या साहेबानं डोकं खाल्लंय. निलंबित करतो म्हणतो. काय घोडं मारलंय मी त्याचं? वर होतो मी! दोन्ही हात कामात, पट्ट्यावर लटकलेलो, आणि तुमचं ते यंत्र खिशात भुणभुण भुणभुण. दचकून हातातली पकड खाली पडली माझ्या, खाली एक माणूस असता तर डोकं फुटलं असतं त्याचं." मी भिंतीला टेकले. वरच होता. मला इतका आनंद झाला, सांगायची लाज वाटते. मी म्हटलं, "म्हणजे प्रोग्रॅम थांबला ते बरोबरच होतं. तुम्ही वर होतात म्हणून उत्तर आलं नाही." तो हसला. बरं हसू नव्हतं ते. "कसलं बरोबर! रोज काय मी खाली येऊन दाबतो? वर असतानाच दाबून टाकतो. सगळेच दाबतात. नाही दाबलं की दर मिनिटाला भुणभुण, मग साहेबाचा फोन, मग साहेबाच्या साहेबाचा. कुणाला हवी ती कटकट? उतरलो म्हणायचं, आणि मग आपलं उरलंसुरलं आवरून भराभरा उतरायचं. अंदाज असतो आम्हाला. काल काम लांबलं, दुपारभर हात मोकळा नव्हता म्हणून राहिलं, नाहीतर कालही दाबलंच असतं की." मी विचारलं, "आणि तेवढ्यात वीज सोडली तर?" तो म्हणाला, "अजून तरी नाही सोडली," आणि मग एकदम मऊ होऊन, "मॅडम, हे माझ्या नावावर सांगू नका हं."

मी जिन्याच्या पायरीवर बसले. गार होती. खालच्या मजल्यावर कुणीतरी फोनवर घराच्या रंगाबद्दल वाद घालत होतं, फिकट हवा की गडद. सहा वर्षं. सहा वर्षं माझी ओळ एवढी ताठ उभी, एकाचंही उत्तर राहिलं तर हलणार नाही म्हणून, आणि उत्तरं अशी. कुठल्याशा खांबावरून, एका हातानं, अंगठा दाबून, एकदाची भुणभुण थांबावी म्हणून. आणि ती मीच लिहिलेली. मीच ठरवलं होतं, की उत्तर नाही आलं तर पुन्हा विचारायचं, थोड्या थोड्या वेळानं, येईपर्यंत. मला वाटलं होतं ती काळजी आहे. पायरीवर बसल्या बसल्या मला स्वतःचा असा राग आला की दातांवर दात चढले, आणि त्या रागाला धरूनच, का कोण जाणे, आमच्या जुन्या घरातलं ते टेबल समोर आलं. मी ते पुसत होते. स्वच्छच होतं, तिसऱ्यांदा पुसत होते. मामा दारात वाकून बुटांच्या नाड्या बांधत होता. त्या महिन्यात सगळ्यांनी विचारलं होतं. आई भाजी निवडताना विचारायची, मामी फोनवर, शेजारच्या काकू गॅलरीतून खुणेनं, ज्या बाबांनी मला कधी साधं काय खाल्लंस विचारलं नाही ते बाबाही पेपरच्या आडून, "काय गं, काय ठरवलंस?" रोज. जेवताना, अंघोळीला जाताना, झोपताना. आणि मामा नाड्या बांधत म्हणाला, "बरं, मग?" आणि मी फडकं पिळत म्हटलं, "हो सांगा त्यांना."

मी म्हटलं होतं. गप्प नव्हते मी. गप्प बसले होते ते आधीचे दिवस, मामाच्या गोष्टीत तेवढेच उरले, आणि मलाही तेवढेच ठेवणं सोयीचं झालं. माझ्या आवाजात, माझ्या तोंडानं, हो. आणि त्यानंतर घरात जी शांतता झाली ती मला आत्ता त्या जिन्यात जशीच्या तशी ऐकू आली: फोन वाजायचे थांबले, काकू गॅलरीतून आत गेल्या, आईनं कढईत डाव फिरवला. मला काय वाटलं होतं तेव्हा? सुटले एकदाची. लग्न, नवरा, पुढचं आयुष्य, त्यातलं काहीही मनात नव्हतं, फक्त विचारणं थांबलं एवढंच. सतरा वर्षं मी त्यांच्यावर रागावले की यांनी माझं उत्तर ऐकलं नाही, आणि त्यांनी तर ऐकलं होतं. खांबावरूनच दिलं होतं मी ते. आता कुणावर रागवायचं सांगा? मामावर? की फडकं धरलेल्या त्या पोरीवर? तिच्यावर रागवायला गेले तर मला तिची अशी कीव आली की राग फिरून पुन्हा त्या सगळ्यांवरच गेला. विचारता काय सारखं, मेल्यांनो! माणसाला खाली तरी येऊ द्या आधी.

मी उठले, साडी झटकली आणि थेट चटपटच्या खोलीत गेले. दार वाजवलं नाही. तो खुर्चीत मागं रेलून भिंतीवरचा मोठा पडदा बघत होता, त्यावर कंट्रोलरूमला दिसतं तेच दिसतं, कुठली लाइन बंद, कुठं किती माणसं, त्यांचे नंबर. मी म्हटलं, "हरकत आहे." तो सरळ बसला, थकल्यासारखा हसला. "मॅडम, आपलं ठरलं होतं ना?" "काही ठरलं नव्हतं. तुम्ही बोललात, मी चहा प्यायले." आणि मग मी सगळं सांगितलं, कालचा माणूस कोण ते सोडून. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा उजळत गेला, आणि मला कळलं तो काय म्हणणार. म्हणालाच. "मग तर झालंच की! उत्तरांना अर्थच नाही, तर त्यांच्यासाठी थांबायचं कशाला? माझंच बरोबर निघालं." माझा आवाज चढला. या ऑफिसात पहिल्यांदाच चढला असेल, बाहेरच्या टेबलांवरच्या माना वर झाल्या. "तुमचं काही बरोबर निघालेलं नाही. माझं चूक निघालंय, एवढंच. माझी हरकत तुमच्या ओळीवर आहे आणि माझ्याही ओळीवर आहे. सगळं बंद करा. माणसानं माणसाला विचारू दे. एक माणूस खाली उभा राहू दे, डोकी मोजू दे." "मॅडम, ते महाग पडतं म्हणून तर—" "पडू दे महाग!" "हे वर कोण सांगणार?" "मी सांगते." "आणि ती यादी?" तो म्हणाला. "घाला," मी म्हटलं. "चटपट घालून टाका." त्याला ते लागलं. त्यानं मान फिरवून पडद्याकडं बघितलं, मीही बघितलं.

कारखान्यामागची लाइन बंद होती. पाच माणसं. चार ठिपके हिरवे होते, एक करडा. आम्ही बघत असतानाच करडा हिरवा झाला आणि खाली पूर्ण लाइन हिरवी झाली. इतकं सुंदर दिसतं ते, सहा वर्षं मला सुंदर दिसलं. चटपटच्या टेबलावरचा फोन मी ओढला आणि कंट्रोलरूमला लावला. तिथल्या बाई नंतर आलेल्या, आवाज ओळखीचा, चेहरा मी पाहिलेला नाही. "कारखान्यामागची सोडू नका." "सगळे उतरलेत, मॅडम. हिरवी आहे." "मला दिसतंय. सोडू नका." "आत्ताच तक्रारी चालू झाल्यात. कुणाच्या सांगण्यावरून थांबू?" मी चटपटकडं बघितलं. तो उभा राहिला होता, काही बोलत नव्हता. त्याचं काही धरायचं नाही असं मी ठरवलं. "माझ्या," मी म्हटलं, "माझ्या नावावर घ्या," आणि तो फोन तसाच चालू टेबलावर ठेवून माझ्या फोनवरून पहिल्या माणसाला लावला. तो खाली होता, काहीतरी चावत होता, चिडला. दुसरा गाडीत सामान भरत होता. तिसरा उचलेना. वाजत राहिला, वाजत राहिला. मी पुन्हा लावणार होते आणि माझं बोट थांबलं, वर असेल तर खिशात पुन्हा भुणभुण होईल, दचकेल. मी दुसऱ्याला परत लावलं. "तुमच्याबरोबरचा तो तिसरा कुठाय? वर बघा. बघून सांगा." "उतरलाय तो, दाबलं ना त्यानं." "दाबलं ते सोडा हो! मान वर करा आणि बघा!"

फोनमध्ये वारा ऐकू आला. मग दूरवर धातूवर धातू आपटल्याचा आवाज. मग त्या माणसाचा, एकदम बारीक झालेला, "वर आहे, मॅडम. शेवटच्या खांबावर. पाठमोरा आहे."

"ओरडू नका त्याला," मी म्हटलं. "त्याच्या खांबाजवळ जाऊन उभे राहा. त्याचं तो सावकाश उतरू दे." चटपटनं स्वतःचा फोन काढला, पडद्यावर बघून चौथ्याचा नंबर लावला, आणि माझ्या कानावर त्याचा आवाज आला, कोरडा, अडखळत, "नाही, बटणाचं नाही विचारत. तुम्ही आत्ता, कुठं आहात तुम्ही?" टेबलावरच्या फोनमधून कंट्रोलरूमच्या बाई विचारत होत्या, मॅडम, आहात का, वरून फोन येतायत, काय सांगू, अजून किती वेळ थांबायचं.

"माहीत नाही," मी म्हटलं.